खाणावळीचे बाक

दुपारचे बारा-साडेबारा झाले की सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींतून माणसांचे थवे रस्त्यावर येऊ लागतात. अंगावर कारखान्याचा सदरा, डोक्यावर ऊन आणि हाताशी फार तर अर्धा तास. डबा आणणारे सावली पाहून डबा सोडतात. उरलेल्यांची पावले जवळच्या खाणावळीकडे वळतात. जुन्या धाटणीची खाणावळ कशी असते, हे वाचकांस सांगावयास नकोच. लांब मेजे, मेजांच्या दोन्ही अंगांना लांब बाके, दाराशी गल्ला, कोपऱ्यात हात धुण्याचे मोरीवजा ठिकाण आणि भाताच्या वाफेने दमट झालेली हवा. आत शिरणारा माणूस जागा कोठे रिकामी आहे एवढेच पाहतो. त्याच्या उजव्या हाताला ओडिशाहून आलेला विणकर असतो, डाव्या हाताला खानदेशातला यंत्रकारागीर आणि समोर एखाद्या जवळच्या पाड्यावरचा वारली तरुण. वाढपी ताट ठेवून पुढे जातो आणि जेवण सुरू होते.

शेजारी कोण बसला आहे, हे कोणी कोणाला विचारीत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही येऊ नये. परंतु परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून, त्याचे नावगाव न विचारता, एकाच हाताने वाढलेले अन्न खावयाचे, ही आपल्याकडे मुळीच साधी गोष्ट नव्हती. ती साधी होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात फौजदाऱ्या झाल्या, प्रायश्चित्ते झाली, डोकीही फुटली. सिल्वासापुरती तर या गोष्टीला एक नेमकी तारीख आहे. तिच्याकडे यथावकाश येऊच; आधी खाणावळ या शब्दाकडे पाहू.

शिंप्याला द्यावयाची ती शिवणावळ, गिरणीवर द्यावयाची ती दळणावळ, परटाला द्यावयाची ती धुणावळ. खाणावळ हा शब्द याच कुळातला. त्यात मोल आहे, पैसा आहे. आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे अन्न द्यावयाचे असते, विकावयाचे नसते. वाटसरूला धर्मशाळा मिळे, पाणी मिळे, क्वचित कोरडा शिधाही मिळे. पण तीन दगडांची चूल मांडून भात त्यानेच शिजवावयाचा असे. पुण्यास शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा सात घरी सात वार लावून जेवे. त्यात लाचारी होती, तथापि विटाळ नव्हता. कारण अन्न शिजवणारे हात आपल्या जातीचे किंवा वरच्या जातीचे असल्याची खात्री होती. पैसे मोजून परक्याच्या चुलीवरचे अन्न खाणे यात ही खात्रीच नाहीशी होत होती. एवढ्यासाठी या धंद्याला बराच काळ प्रतिष्ठा मिळाली नाही.

पण आगगाडी आणि गिरणी यांच्यापुढे जुन्या खात्र्या फार दिवस टिकत नाहीत. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत गाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ च्या सुमारास तिचे भोंगे वाजू लागले. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून पुरुष माणसे आली. बायकापोरे गावी, शेतीच्या तुकड्यापाशी राहिली. चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसे. दहा-बारा तास यंत्रापुढे उभे राहिलेला माणूस परत येऊन भाकरी थापणार कधी? तेव्हा त्याच चाळीतली एखादी विधवा, एखाद्या आजारी विणकराची बायको, शेजारच्या चार माणसांची भाकरी आपल्या चुलीवर भाजू लागली. चाराची आठ झाली, आठाची वीस. गिरणगावची खाणावळ जन्मली ती अशी, दुकान म्हणून नव्हे तर एका बाईच्या चुलीचा विस्तार म्हणून. तिला खाणावळवाली म्हणत, आणि तिच्याकडे जेवणाऱ्याला मेंबर.

मेंबराचा हिशेब महिन्याचा असे. गिरणीचा पगार झाला की खाणावळीचे पैसे द्यावयाचे. गावी गेला किंवा बाहेर जेवला तर तेवढे दिवस ‘खाडा’ मांडावयाचा. हा खाड्याचा हिशेब दारामागे खडूच्या रेघांनी ठेवलेला असे, आणि त्यावरून होणारी भांडणे चाळीच्या करमणुकीचा एक भाग होती. परंतु या व्यवहारात खाणावळवालीच्या अंगावर किती मोठे ओझे होते, ते पाहिले पाहिजे. वाण्याकडून धान्य उधार आणावयाचे, महिनाभर वीस जणांना वाढावयाचे, आणि पैसे हाती येणार ते गिरणीमालकाने पगार केल्यावर. मुंबईच्या कापडधंद्याला लागणारे भांडवल कोणी पुरवले याचे ग्रंथ लिहिले गेले आहेत. कामगाराच्या पोटात महिनाभर उधारीने जाणारे हे भांडवल त्यांत क्वचितच मोजलेले दिसते.

आणि या चुलीभोवती बसत कोण? बहुधा एका तालुक्याची, एका भावकीची, एका जातीची माणसे. मुंबईला आलेला माणूस आपली पंगत बरोबर घेऊन आला होता. गोव्याचे ख्रिस्ती खलाशी आणि आचारी धोबीतलावाच्या आसपास उतरत, त्यांच्या ‘कुडां’चीही तीच रीत. प्रत्येक गावाची कूड वेगळी. भिंतीवर क्रूस, खाली ओळीने लावलेल्या पेट्या, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना, आणि बोटीवर नोकरी लागेपर्यंत नाममात्र भाड्यात डोक्यावर छप्पर. फार मोलाची संस्था ती. परंतु काही कुडांत गाव सारखे असूनही जात पाहिली जाई, हेही सांगितले पाहिजे. एका वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही एका ओळीत बसवताना हिशेब आठवावा, यावरून तो हिशेब किती खोल मुरला होता ते दिसते.

किती खोल, हे पुण्याच्या एका चहाने महाराष्ट्राला दाखवून दिले होते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हाती घेऊन खाली ठेवला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी ही मौज मुद्दाम घडवून आणली होती, आणि हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून येतील अशी तजवीजही त्यांनीच केली. मग ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीस मंडळ नेमले गेले, वर्षा-दोन वर्षांचा काथ्याकूट झाला. आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. देशाच्या अर्थकारणावर अधिकाराने बोलणारी ही माणसे. आणि त्यांना एका कप चहाची फेड करावी लागली. हे वाचून हसू येते. पण ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांच्या घरांतली श्राद्धे आणि लग्नकार्ये अडली होती, हे आठवले की हसू मावळते.

अशा काळात उपाहारगृह काढणाऱ्याने पाटीवर काय लिहावे? त्याने आपली जात लिहिली. ‘ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह’ अशा पाट्या शहरोशहरी लागल्या. रेल्वेस्टेशनांवर हिंदू चहा वेगळा आणि मुसलमानी चहा वेगळा, पाण्याची पिंपेही वेगळी. १९१० साली दादरला मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह निघाले, आणि बटाटेवड्याच्या नावलौकिकावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. या नावातला ‘स्वच्छ’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. त्या काळी पाटीवर हा शब्द वाचणाऱ्याला त्यात दोन अर्थ दिसत: एक घासलेल्या भांड्यांचा आणि दुसरा सोवळ्याचा. काळ पालटत गेला तसा दुसरा अर्थ गळाला आणि पहिला राहिला. शब्द तोच राहून त्याच्या आतला माल बदलतो, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

ज्याला पाटीवर जात लिहावयाचीच नव्हती असा दुकानदार मात्र परदेशातून आला. याझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या इराणी झरथुष्ट्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळे, असे सांगतात. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी माथ्याची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, ब्रून-मस्का आणि बशीत ओतून प्यावयाचा चहा. इराण्याला गिऱ्हाइकाच्या खिशात नाणे आहे की नाही एवढ्याशीच कर्तव्य होते. समाजसुधारणा वगैरे त्याच्या मनात होती असे मानण्याचे कारण नाही. तरीपण एका मेजाशी कारकून, हमाल, टांगेवाला आणि विद्यार्थी बसण्याची मुंबईला जी सवय लागली, तिचा बराचसा वाटा या धंदेवाईक बेफिकिरीचा आहे. उदात्त हेतूने जे होत नाही, ते कधीकधी गल्ल्याने होते.

गिरगावातल्या खाणावळींचीही रीत हळूहळू सैल होत गेली. खोताच्या वाडीतल्या अनंत आश्रमात माशांच्या जेवणासाठी सर्व थरांतली माणसे दाटीने बसत. ते आता बंद झाले आहे. माटुंग्यास स्टेशनालगत रामा नायक यांनी १९४२ साली उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले; तेथे केळीच्या पानावर नोकरदार मद्रासी आणि मराठी शेजारी शेजारी जेवू लागले. याच सुमारास ‘राइसप्लेट’ हा शब्द मराठीत रुजत गेला. पंगतीत आग्रह असतो आणि आग्रहात नाते असते. राइसप्लेटमध्ये ठरलेल्या दामाला ठरलेला भात, ठरलेल्या वाट्या. नात्याचा ओलावा त्यात नाही हे खरेच. पण ज्याला त्या नात्याच्या पंगतीत कधी बसूच दिले नव्हते, त्याला या कोरड्या व्यवहाराचे महत्त्व अधिक कळले असणार.

कारण वर वर्णिलेली सगळी चाल सवर्णांच्या आपापसातली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला बाकावर जागा नव्हती. खेड्यातल्या हॉटेलात त्याला चहा मिळे, पण तो दाराबाहेर. त्याची कपबशी वेगळी, वळचणीला खोचून ठेवलेली. ती त्यानेच काढावयाची, त्यानेच विसळावयाची. कोठे कपाच्या जागी करवंटी असे. पैसे मात्र त्याचे इतरांसारखेच चालत, आणि तेही वरून टाकून घेतले जात.

कोल्हापुरात हे कोडे छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या पद्धतीने सोडवले. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेकडील नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवल्यावरून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारले. महाराज परगावाहून परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले आणि त्याला ‘सत्यसुधारक’ नाव दिले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराजांची गाडी फेरफटक्याच्या वेळी त्या हॉटेलापुढे थांबू लागली. महाराज स्वतः चहा मागवीत, घेत, आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही देववीत. राजाच्या हातातला कप नाकारणार कोण? हे १९२० च्या आसपासचे. वटहुकूम काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, आणि ज्याने तसे हुकूम काढलेही होते, त्याला सुद्धा रस्त्यावर गाडी थांबवून चहा प्यावा लागला. कारण हुकुमाने दार उघडते, माणूस आत येऊन शेजारी बसेलच असे नाही.

पुढे १९२७ च्या २० मार्चला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. हे सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर जो हल्ला झाला तो परिषदेच्या मंडपात, जेवणाच्या वेळी झाला, हे तितकेसे आठवले जात नाही. परगावाहून आलेली माणसे जेवत होती, काही निघण्याच्या तयारीत होती. त्यांच्यावर काठ्या चालल्या आणि शिजवलेल्या अन्नाची नासाडी करण्यात आली. पाण्यावरच्या हक्काचा राग अन्नावर काढला गेला.

१९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा या साऱ्या कहाणीचे सार तिच्या पंधराव्या अनुच्छेदात एका ओळीच्या जागेत येऊन बसले. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास मज्जाव करता येणार नाही. विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या पंक्तीला घटनाकारांनी उपाहारगृह बसवले. महाड आणि कोल्हापूर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अशा मज्जावाला शिक्षा सांगितली.

हा कायदा लागू झाला त्या दिवशी सिल्वासा मात्र त्याच्या हद्दीत नव्हते. याचे कारण समजण्यास थोडे मागे जावे लागेल. नगर हवेलीचा हा डोंगराळ, जंगलांनी भरलेला परगणा १७८३ साली पेशवाईकडून पोर्तुगिजांकडे गेला, तो मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्या एका जहाजाचे जे नुकसान केले त्याच्या भरपाईपोटी. दोन वर्षांनी त्यांनी दादराही विकत घेतले. दमणगंगेच्या काठचे सिल्वासा १८८५ पासून या मुलखाचे मुख्य ठाणे झाले. वस्ती बहुतेक वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींची. सरहद्दीच्या अलीकडे तलासरी-डहाणूला १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात गोव्याच्या मुक्तिसैनिकांनी प्रथम दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे केले. फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्यासारखे गोव्याचे ख्रिस्ती पुढारी त्यात होते. तसेच महाराष्ट्रातून गेलेले राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे आणि गायक-संगीतकार सुधीर फडके हेही होते. त्या मोहिमेच्या खर्चासाठी लता मंगेशकर पुण्यास हिराबागेत गायल्या होत्या.

प्रदेश मुक्त झाला, पण भारतात आला नाही. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: नागरी माणसांना आणि मालाला ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नव्हते. या सात वर्षांत सिल्वासाचा कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. शेवटी ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली आणि दहाव्या घटनादुरुस्तीने केंद्रशासित प्रदेश ठरली. आरंभी म्हटलेली तारीख ती हीच. सिल्वासाच्या बाजारात कोणी कोठल्या बाकावर बसावे, या प्रश्नाचे घटनेने दिलेले उत्तर या गावाला लागू झाले ते त्या दिवशी, मुंबई-पुण्यापेक्षा अकरा वर्षांनी उशिरा.

या तारखेच्या दीडच वर्ष आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हाच प्रश्न एका जेवणाच्या दुकानात उभा राहिला होता. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत दुपारच्या खाण्यासाठी एक लांबलचक फळी असे. तिच्यापुढे उंच स्टुले ओळीने रोवलेली, पलीकडे वाढणारी बाई. गिऱ्हाइकाने स्टुलावर बसावे, कॉफी-पाव मागवावा, पंधरा मिनिटांत उठावे. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला त्या दुकानातून दंतमंजन घेता येई, वही घेता येई; पण त्या स्टुलावर बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी वुलवर्थच्या दुकानात चार काळे विद्यार्थी शिरले. त्यांनी बारीकसारीक खरेदी केली, पैसे दिले आणि मग ते त्या स्टुलांवर जाऊन बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आठवड्याच्या अखेरीस शेकडो. त्यांनी काही मोडले नाही, कोणावर हात उगारला नाही. जेवणाची मागणी करून बसणे हाच त्यांचा सत्याग्रह. २५ जुलैला दुकानाने हार खाल्ली. सर्वांत आधी वाढले गेले ते त्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या नोकरांना.

बाहेरून चहा देणारे आपले खेड्यातले हॉटेल आणि ग्रीन्सबरोचे दुकान यांच्यात भाषा सोडली तर फरक कोणता? दोन्हीकडे पैसा चालत होता. दोन्हीकडे ज्याचा मज्जाव होता ते अन्नही नव्हते. मज्जाव होता तो बसण्याला. उभ्याने, बाहेरून, कागदात गुंडाळून काहीही मिळत होते. माणूस शेजारी बसून जेवू लागला की तो आपल्याइतका होतो, ही गोष्ट दोन्हीकडच्या मालकांनी अचूक ओळखली होती. त्या फळीचा आणि स्टुलांचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे.

आपल्याकडची बाके मोडून जळणात गेली. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसांची कथा मात्र थोडी पुढे चालली. पुण्याच्या बाजारात हमालांना परवडेल असे ताजे जेवण मिळावे म्हणून १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बाबा आढाव तिचे प्रवर्तक. त्यांनीच त्याआधी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली होती, हा काही योगायोग नव्हे. १९७५ साली मुंबईत गिरणगावातल्या चौदा खाणावळवाल्या एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले. प्रेमा पुरव त्याच्या संस्थापिका. गोवामुक्तीच्या लढ्यात त्या कोवळ्या वयात उतरल्या होत्या. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तेव्हा सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायांना बँकेने कर्ज का देऊ नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तारण काय, असे बँक विचारी. तारण म्हणजे रोज वीस माणसांना जेवू घालणारे दोन हात. कर्जे मिळाली आणि ती फिटलीही. दारामागच्या खडूच्या रेघांना अशा रीतीने बँकेच्या वहीत जागा मिळाली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळसे गावी गेले ते परतलेच नाहीत. वर्तमानपत्रांनी मालकांचा तोटा मोजला, कामगारांचा तोटा मोजला. मेंबर गेले आणि उधारी तशीच राहिली, असा तोटा ज्या चुलींचा झाला त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

गिरण्यांतला कामगार हटला, पण काम हटले नाही. ते निराळ्या गावी गेले. सिल्वासात पिपरियाला १९६५ साली सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत निघाली, पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती आल्या. करांत सवलती होत्या, वापीचे स्टेशन जवळ होते. १९६१ च्या जनगणनेत या सबंध प्रदेशात सुमारे ५८ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. १८६० च्या परळला आणि आजच्या सिल्वासाला जोडणारा धागा कारखान्याचा जितका आहे तितकाच भुकेचा आहे: घर दूर, खोलीत पाच-सहा जण, आणि दुपारी कोणीतरी शिजवलेले अन्न हवे. फरक इतकाच की परळच्या मेंबराने आपली पंगत गावाहून बरोबर आणली होती. सिल्वासाच्या बाकावर पंगत नाही. जो आधी आला तो आधी बसला.

दोन गोष्टी मात्र तेथे अजून डोळ्यांना खुपतात. बाकांवर बाई क्वचित दिसते. पूर्वी इराण्याच्या आणि उडप्याच्या हॉटेलात बायकांसाठी पडद्याआडची ‘फॅमिली रूम’ असे. जुन्या धाटणीच्या खाणावळीत तीही नाही, आणि कारखान्यात काम करणारी मुलगी डबा घेऊन भिंतीच्या सावलीत बसते. घटनेच्या त्या ओळीत जातीच्या जवळच लिंग हा शब्दही लिहिलेला आहे. दुसरी गोष्ट वारली म्हाताऱ्यांची. बाजारच्या दिवशी पाड्यांवरून आलेली ही माणसे खाणावळीच्या दारावरून पुढे जातात, झाड पाहून टेकतात आणि फडक्यातली नागलीची भाकरी सोडतात. त्यांना कोणी अडवलेले नसते. काहींना परवडत नाही, काहींना ती भाकरीच अधिक गोड लागते. आणि दारावरून पुढे जाण्याची सवय काहींच्या पायांना बापाकडून मिळालेली असते. नातू मात्र आत बाकावर असतो.

दीडच्या सुमारास भोंगा होतो. बाके रिकामी होतात, वाढपी ओल्या फडक्याने मेजे पुसून घेतो, गल्ल्यावरचा माणूस वही उघडून ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांची नावे लिहितो. नावापुढे गाव लिहावयाचा रिवाज आहे, कारण एका नावाची माणसे पुष्कळ असतात. गंजम, जौनपूर, पाचोरा, खानवेल. मग आतून त्याची बायको हाक मारते, आणि दोघे त्याच बाकावर आपापली ताटे घेऊन बसतात.